विमानाच्या टाकीची डोणी

संशयी माणसाचं म्हणाल, तर आमच्या आबांचं ऐका. शहागंजातल्या एका भंगारवाल्याकडून मी विमानाची जुनी इंधनटाकी आणली. ॲल्युमिनियमची, दोन्हीकडं निमुळती, माणसापेक्षा लांब. वेल्डरकडून उभी चिरून घेतली अन् गावी नेली. म्हटलं, मेंढरांना पाणी प्यायला झकास डोणी झाली.

आबा दहा पावलं लांबच थांबले. "बॉम्ब हाय का?"

"नाय आबा, टाकी हाय. लढाऊ विमानाच्या पोटाखाली असती. तेल संपलं की पायलट वरूनच सोडून देतो."

"कुणी सांगितलं?"

"भंगारवाल्यानं."

"एवढी चांगली वस्तू कोण टाकून देतंय? पडली असंल, नायतर चोरीची असंल."

मेंढरं तिसऱ्या दिवशी प्यायला लागली, पण आबांचा संशय काही जाईना. म्हणाले, "चुकलेलं मेंढरू दुसऱ्यानं कळपात दडवलं, तरी धनी लांबून वळखतो. आज ना उद्या येतोच हुडकत."

परवा गावी गेलो, तर आबा अंगणात निवांत चहा पीत होते. तेवढ्यात वरून विमानाचा आवाज आला. आबांनी कप खाली ठेवला, पळत जाऊन मेंढरं हाकलली अन् डोणीवर ताडपत्री ओढली.

"अहो आबा, ते प्रवाशांचं विमान हाय!"

"हळू बोल," आबा वर बघत म्हणाले. "रोज ह्याच टायमाला चक्कर मारतंय."