रोजचे तीन

मुलुंडच्या दवाखान्यात शेजारी एक नवराबायको नंबरची वाट बघत होते. मी पेपर उलटा धरून वाचत बसलो.

"कंबरदुखीच्या ऑनलाइन गटात आज दुखण्याला दहापैकी किती लिहिलंत?"

"तीन."

"सकाळी मोजे मी घातले तुम्हाला!"

"हळू बोल गं, मीरा."

"रोज तीन लिहिता. आता डॉक्टर म्हणतील, बरे झालात, गटातून निघा. मग?"

"अगं, विक्रोळीच्या संघमित्राताई माझा आकडा बघून व्यायामाला उठतात. आठ लिहिले तर पडूनच राहतील."

"आणि तुम्हाला कोण उठवणार? आणा तो फोन."

"काय लिहितेस?"

"खरं ते. आठ, आणि मोजे बायकोने घातले."

"वाट लावलीस! बघ, आलंच ताईंचं उत्तर."

"वाचा मोठ्याने."

"'भाऊराव, सुटले बाई! माझे नऊ आहेत. तुम्हाला धीर यावा म्हणून दोन लिहायचे.'"

"आणि त्याखाली?"

"गोरेगावचा सुयोग. 'काका, माझेपण आठ.' अगं, अख्खा गट खोटारडा निघाला!"

"हसू नका एवढे, कंबर धरेल."

"धरू दे. तू लिही, आता साडेसात."