वरून आलेली शिडी

नाही हो, शिडी आम्ही मागितलीच नव्हती! तेच तर कधीपासून सांगतोय! आम्ही मागितला होता पाइप. साधा रबरी पाइप! आमच्या नगरपालिकेचा आग विझवायचा एकच बंब, वयाने माझ्याहून थोडासाच लहान, आणि त्याचा पाइप असा फाटलेला की आगीवर पाणी कमी आणि बघ्यांवरच जास्त. म्हणून आमच्या हिने... ही म्हणजे माझी बायको, सध्या या शहराची नगराध्यक्ष, मी आपला चष्म्याचं दुकान चालवतो, मला कोण विचारतंय... तर हिने राज्य सरकारकडे पाइप मागितला. आणि आलं काय? शिडी! गाडीवर बसवलेली, दहा मजल्यांपर्यंत जाणारी शिडी! आता आमच्या शहरातली सगळ्यात उंच इमारत कोणती? नगरपालिका. मजले किती? दोन! आणि वरच्या मजल्यावर जायला जिना आहे!

मी हिला म्हटलं, "अगं, शिडी कशाला?" तर म्हणाली, "नवा कायदा झालाय. प्रत्येक शहराला एक शिडी. वरून आलंय." संपलं! वरून आलंय म्हटल्यावर बोलणार काय?

पण खरं सांगू का? कुरकुर करतोय मी, पण ती शिडी ज्या दिवशी चौकात उघडली ना... अहाहा! ड्रायव्हरने खटका ओढला आणि एका शिडीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, निघतेय आपली, निघतेय, संपायचं नाव नाही! सगळ्या शहराच्या माना मागे. न्हाव्याने गिऱ्हाईक अर्ध्या दाढीत सोडलं, आणि तेही बिचारं साबण लावलेल्या तोंडाने वर बघतंय! आणि शिडीच्या टोकाला जो पाळणा असतो ना, त्यात कोण? आमची ही! अहो, घरी पंखा पुसायला स्टुलावर चढली तर स्टूल मी धरतो. आणि इथे ती पार आभाळाला टेकलेली. मला एकदम भरूनच आलं. तेवढ्यात गर्दीतून सासूबाई ओरडल्या, "उतर गं खाली! पदर सांभाळ!"

उतरली. पण उतरली ती कपाळाला आठी घेऊनच. जेवायला बसलो तरी आठी तशीच. मग म्हणाली, "वरून आईची गल्ली दिसली. छपराला छप्पर चिकटलंय, एका बाजूला लाकडाची वखार, दुसऱ्या बाजूला गादीवाल्याचा कापूस. ही गाडी तिथे शिरायची नाही. आपला जुना बंब शिरतो." म्हटलं, "मग शिरू दे की!" "तो मोडीत द्यायचाय. नवी गाडी आली की जुनी मोडीत, कायद्यातच आहे." "मग शिडी परत कर!" "शिडी परत केली तर सगळाच निधी थांबतो. दिवाबत्ती, झाडूवाल्यांचे पगार, सगळं." काय रचना आहे बघा! एका शिडीला अख्खं शहर टांगलेलं! मी घास हातात धरून बघतच राहिलो. एवढं डोकं लावणारी माणसं दिसत असतील तरी कशी?

हिने वरच्या साहेबांना फोन लावला. आवाज कसा, लोण्यासारखा. "अभिनंदन मॅडम! शिडी मिळाली ना?" "मिळाली साहेब, पण आमची एक गल्ली अरुंद आहे..." "मग रुंद करा." "दोन्हीकडे घरं आहेत, साहेब." "त्याची वेगळी योजना आहे, पुढे येईल." "आणि तोवर आग लागली तर?" "अहो, आग लागली तर शिडी आहे ना!" आणि फोन ठेवला! हिच्या डोळ्यांत टचकन पाणी. आई राहते हो तिची तिथे... आणि आई गल्ली सोडायला तयार नाही.

मग पुढे सरसावले पालिकेचे हेडक्लार्क. हा माणूस एरवी डुलक्या घेतो, पण नियम म्हटला की खाडकन जागा. "मॅडम, मोडीत काय द्यायचं? वाहन! मग बंबाला वाहन म्हणायचंच कशाला? पाण्याची टाकी म्हणू. आता तिला चाकं आहेत... असतात एखादीला!" झाली टाकी! बंब नेऊन उभा केला थेट सासूबाईंच्या गल्लीत. मी तर हेडक्लार्कना वाकून नमस्कार करणार होतो.

पण टाकी म्हटल्यावर काय झालं? टाक्यांचा कायदा लागला ना! हातात टेप घेऊन पाणी खात्याचे तपासनीस हजर. "टाकी हलता कामा नये." चाकं सिमेंटमध्ये! "टाकीला नळ पाहिजेत." नळ बसवले! आणि जाता जाता म्हणतात कसे, "तुमच्याकडे एक टाकी जास्तीची झाली, तेव्हा पाण्याचा निधी कमी." रोज येणारं पाणी दिवसाआड यायला लागलं! हिने कपाळाला हात लावला. गल्लीतल्या बायकांनी मात्र कपाळाबिपाळाला हात लावला नाही, त्यांनी टाकीच्या नळालाच हात घातला. टाकी भरली रे भरली की घरोघरी पिंपं, हंडे, बादल्या, सगळं काठोकाठ.

आणि मग एका दुपारी गादीवाल्याचा कापूस पेटला.

काय सांगू तुम्हाला! शिडीची गाडी बोंबलत निघाली आणि गल्लीच्या तोंडाशी बूच बसावं तशी बसली. ना पुढे ना मागे! ड्रायव्हर बिचारा गांगरला, त्याला शिकवलं होतं तेवढंच त्याने केलं, शिडी उघडली आणि पाळण्यातून ओरडतोय, "आग दिसतेय! आग दिसतेय!" अरे बाबा, आम्हालाही दिसतेय! ही गाडीखालून सरपटत पलीकडे, तिच्या मागे मी, धावत बंबापाशी. बंब हलेना, सिमेंट! नळ फिरवला... कोरडा! कुणीतरी म्हणालं, "बाई, सकाळीच संपलं." दोन घरं सोडून आईचं दार, आणि मधे धूर.

त्या धुरातून सासूबाई बाहेर आल्या. हातात बादली! "बघत काय बसलीस? संपलं म्हणजे गेलं कुठे? आमच्या घरातच आहे ना!" आणि अहो, दारं उघडली... प्रत्येक दारातून पाणी! हंडा, पिंप, कळशी, पातेली, कुणाचं तरी बाळ आंघोळीच्या टबातून उचललं आणि टब ओतला! हातातून हातात, हातातून हातात, माझ्या हातात कुणी कधी बादली दिली कळलंसुद्धा नाही. शिडी बघून मी थक्क झालो होतो ना? ते काहीच नव्हे! ती गल्ली बघायला हवी होती तुम्ही! वरचा ड्रायव्हर "आग दिसतेय" म्हणता म्हणता म्हणाला, "आता नाही दिसत." दुकान काळं पडलं, पण माणूसन्‌माणूस सुखरूप. ही ओट्यावर बसली आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून लहान पोरीसारखी रडली.

गोष्ट इथे संपायला हवी होती, नाही का? पण वरच्या साहेबांच्या कानावर गेली ना! "वा मॅडम! आदर्श शहर!" आणि केला की हो कायदा! राज्यातल्या प्रत्येक घरात एक पिंप सदैव भरलेलं पाहिजे. नसेल तर दंड. दंड वसूल केला नाही तर निधी बंद! मी म्हटलं, "हे काय आता?" ही म्हणाली, "वरून आलंय." अगं, या खेपेला वर गेलं ते आपल्याच गल्लीतून!

आता पाणी येतं दिवसाआड आणि तपासणी रोज. पहिली तपासणी नगराध्यक्षांनी स्वतः करायची, आणि वशिल्याचं नाव नको म्हणून हिने सुरुवात केली कुठून? माहेरातून! झाकण उघडलं. पिंप चार बोटं रिकामं! सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू दमून येशील म्हणून तुझ्याच चहाला घेतलं!" हिने काय केलं असेल? अहो, सख्ख्या आईची पावती फाडली! कडक बाई, मानलं आपण! मग चहा घेतला, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत, कप खाली ठेवला... आणि मायलेकींनी एकदम माझ्याकडे बघितलं.

काय करता? घातला मुकाट खिशात हात.