टेबलावरची कवळी

हरवली नाही हो, डॉक्टर. मुलीने बाहेर तसं सांगितलं असेल, तिला लाज वाटते. कवळी घरीच आहे – जेवणाच्या टेबलावर, काचेच्या ग्लासात, अर्धवट सोललेल्या लिंबाशेजारी – आणि तिला हात लावायचा नाही. का म्हणजे? मुलगा तिचं चित्र काढतोय. उघडते ना तोंड, आधी ऐकून तर घ्या – आणि शब्द निसटले तर समजून घ्या, दातांशिवाय बोलायची अजून सवय नाही. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात ना, तसं आमचं करायचं चाललंय. दाखवायचे तिकडे मांडलेत, खायचे तुम्ही करून द्या, असं मुलीचं म्हणणं.

मुलगा चित्रकार आहे माझा. पन्नाशीला आला, एकटाच आहे, माझ्याकडेच राहतो. नाही, माणसांची नाही काढत. माणसं हलतात, म्हणतो. वस्तूंची काढतो. तीन-चारशे वर्षांपूर्वी हॉलंडात होऊन गेले म्हणे असे चित्रकार, त्यांचं एक जाडजूड पुस्तक आहे त्याच्याकडे – काळोखी खोली, एक टेबल, त्यावर पाव, लिंबू, आडवा पडलेला पेला, सुरी अशी निम्मी कडेबाहेर, की आपणच जाऊन आत ढकलावी. कुणीतरी जेवता जेवता उठून गेलंय आणि परत यायचं नाव नाही, अशी ती चित्रं. मेलेल्या माणसांनी काढली, याने घरी तसंच मांडलं आणि आमचं जेवायचं टेबल गेलं. चादरीची चुणी मोडायची नाही, पडदा हलवायचा नाही, लिंबू सुकलं की दुसरं आणायचं – पण साल पहिल्यासारखीच लोंबली पाहिजे. पाव तर इतका कडक झालाय की तुम्हालाही चाववणार नाही, आणि तुमचे तर स्वतःचे आहेत. आहेत ना?

तर त्या जुन्या चित्रांत एखादी कवटी पण असते. कशाला काय – हे सगळं राहणार नाही बाबा, हे बघणाऱ्याच्या लक्षात यावं म्हणून. याने प्लास्टरची आणली, मग खोटी दिसते म्हणून महिनाभर कुरकुर. आणि एका सकाळी बाथरूममध्ये गेला, फळीवरच्या माझ्या कवळीच्या ग्लासात ऊन आलेलं – तसाच उभा, ब्रश तोंडात, फेस हनुवटीवर. ‘आई, ही मला देतेस?’ शाळा संपल्यापासून याने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. देऊन टाकली. आता कवटीच्या जागी कोण जाऊन बसलं हे मला कळलं, डॉक्टर, एवढी काही मी बावळट नाही. वाईट वाटलं का? वाटलं, एक दुपारभर. मग म्हटलं जायचं तर आहेच, जायच्या आधी एकदा नीट बघतोय ना, बघू दे.

आणि बघतो तरी कसा – तुम्ही सुद्धा बघणार नाही असा. चहाचे दोन डाग आहेत तिच्यावर, ते दोन्ही घातलेत चित्रात. एक दिवस चित्र काढता काढता विचारतो, ‘आई, तू उजवीकडूनच चावतेस का?’ म्हटलं हो, डावीकडे दुखतं. ‘कधीपासून?’ म्हटलं, तुझे बाबा गेले त्याच्या आसपास. ब्रश धूत बसला, धुतलेलाच. पण बघा, एका घरात राहतो आम्ही, रोज मला समोर बघतो, आणि हे त्याला कळलं ते ग्लासातल्या दातांवरून. मला राग यायला हवा होता. आला नाही.

मुलीला आला. परवा आली, बघते तर आईचे गाल आत. भावावर बरसली – म्हातारीचे दात काढून मांडून ठेवलेस, लाज नाही वाटत? आपलेच दात, आपलेच ओठ, मी कुणाच्या बाजूने बोलू? आणि वाळले वगैरे काही नाही हो मी. तो करून देतो ना. बटाटा उकडून कुस्करतो, पाव दुधात भिजवतो, सूप गाळतो. पूर्वी ताट घेऊन खोलीत जायचा, दार लावून घ्यायचा. आता टेबल अडलंय म्हणून स्वयंपाकघरात दोन स्टुलं टाकून बसतो आम्ही, गुडघ्याला गुडघा लागतो. तो पण तेच खातो, कुस्करलेलं. मी म्हटलं, तुला दात आहेत, तू टोस्ट खा की. तर म्हणाला, ‘नको गं, तुझ्यासमोर आवाज येतो.’

काय? हो, हो, उघडते. हा मापाचा लगदा किती वेळ तोंडात धरायचा? आणि मग कवळी कधी मिळेल? – पुढच्या आठवड्यात? एवढ्या लवकर? मी समजत होते दोनेक महिने तरी लागतील, त्याचं चित्र होईपर्यंत तरी. आठवड्यात आली म्हणजे – म्हणजे मी सगळं खायला लागणार. मग तो कशाला बटाटे कुस्करेल? कशाला बसेल स्टुलावर?

थांबा, डॉक्टर, तो ट्रे ठेवा खाली. ठेवा म्हणते ना. मुलगी बाहेर मासिक चाळत बसलीय, तिला आत बोलवा आणि सांगा, हिरड्या सुजल्यात, इतक्यात माप घेता येणार नाही. मी सांगून ऐकायची नाही, तुमचं ऐकेल. बघता काय, खोटं एवढं जड आहे का? बरं, आणि हा गळ्यातला रुमाल सोडा. आमची जेवायची वेळ होत आली.