वेरेनापासून रूथपर्यंत

पाळकसाहेब, मंडळी, आणि मेसच्या बाकांवरून उठून थेट इथं आलेल्या पोरांनो,

माईक हातात आला आणि मी गोंधळलो. रूथमावशीसमोर मला कधी बोलायची सवयच नव्हती. तीच बोलायची.

मी नांदेडचा. लातूरला क्लास लावायला आलो. क्लास सुटला, मावशीची मेस सुटली नाही. ती म्हणायची, "तू शिकायलास कुठं, नुसता फिरायलास. मग माझं एक काम कर." तिच्या हातची अंबाडीची भाजी... ते राहू द्या. कामाचं सांगतो.

मावशीचे वडील डेव्हिडबापू सांगायचे, आमचा मूळपुरुष स्वित्झर्लंडहून आला. लोक हसायचे. भूकंपात गावचं घर पडलं. बापू गेले, घरातले कागद गेले. हसणारे तेवढे राहिले. मावशीला एवढंच दाखवायचं होतं, की बापू खोटं बोलले नाहीत.

तिकडच्या गावाचं नाव तिला पाठ होतं. बापू रोज प्रार्थनेत घ्यायचे. त्या गावच्या चर्चची बाप्तिस्म्याची जुनी पुस्तकं आता कम्प्युटरवर दिसतात. अक्षर जुनं जर्मन, कोंबडी चालून गेल्यागत. ते मी शिकलो. होय, मी. हसू नका.

मग आम्ही मावशीचं आडनाव शोधलं, जेकब. गावात जेकब आडनावाचं एकही घर सापडेना. मावशीचे चुलतभाऊ सायमनदादा म्हणाले, "रूथ, बापूंनी थाप मारली गं." मावशी पोळ्या लाटत राहिली.

एकदा मेसवर नवा पोरगा आला. मावशीनं नाव विचारलं. त्यानं स्वतःचं सांगितलं, बापाचं सांगितलं आणि थांबला.

"आडनाव?"

"आम्ही लावत नाही मावशी. बापाचंच नाव लावतो."

मावशीचं लाटणं थांबलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "अरे, जेकब आडनाव न्हाईच. सॅम्युएलआजोबांच्या बापाचं नाव हाय ते. आजोबांनी आपल्या रिवाजानं मागं लावलं, आन् पुढच्यांनी तेच धरलं."

मग आडनावं सोडून नावांत शोधलं. जेकब पुष्कळ निघाले. पण एकाच्याच नोंदीशेजारी समासात तिथल्या पाळकानं लिहिलं होतं : हिंदुस्थानात गेला.

मावशी रडली नाही. म्हणाली, "त्याच्या आईचं नाव वाच."

मी वाचलं. वेरेना.

"परत वाच."

परत वाचलं.

पुढच्या रविवारी ती याच मंडळीसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. सायमनदादा, सगळ्यांच्या आधी तुम्ही उठलात. म्हणालात, "बापू खरे होते." त्या दिवशीचा मावशीचा चेहरा कोण विसरेल?

मी विचारलं, "मावशी, जायचं का तिकडं?" म्हणाली, "कशाला? थंडी लई. त्यांना वाटलं तर येतील जेवायला."

मंडळी, हरून गेलेल्या बाईसाठी आपण जमलो नाही. ती जिंकून गेली. आता उभे राहू या. मी नावं घेतो, मग कुणी काही बोलू नका.

वेरेनाचा जेकब. जेकबचा सॅम्युएल. सॅम्युएलचा डेव्हिड.

डेव्हिडची रूथ.