खिडकीबाहेरचे दाणे

अमेरिकेतल्या डुलुथ या सरोवराकाठच्या शहरात, दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या लोर्नाच्या कानावर समोरच्या ऑर्विलआजोबांचं आणि त्यांच्या शेजारीण इंगाबाईंचं बोलणं पडत होतं.

“इंगा, तू माझ्या खिडकीबाहेर पाखरांसाठी दाण्यांचं भांडं टांगलंस, तेव्हा मी तुला शिव्या घातल्या होत्या.”

“ऐकल्या मी. आपल्या भिंती पातळ आहेत.”

“बायको गेल्यापासून अंथरूणच सोडवत नव्हतं गं. पण दाणे संपले की ती इवलीशी पाखरं काचेवर चोची मारायची. उठावंच लागायचं.”

“आणि आता?”

“आता रोज सरोवरापर्यंत चालत जातो. झोपेची गोळीसुद्धा बंद केली डॉक्टरांनी.”

“मग पाखरांचे आभार मान, ऑर्विल.”

“त्यांचे रोजच मानतो. तुझेच मानायचे राहिले होते.”

इंगाबाई कितीतरी वेळ पर्समध्ये रुमाल शोधत राहिल्या.