डेकवरचं पान

मंडळी, इतक्या थंडीत, एवढ्या लांबून ड्राइव्ह करून तुम्ही सगळे आलात. मला बोलणं जड जातंय. कारण आज या शोकसभेत दत्ताकाकांबद्दल बोलायच्या आधी मला शैलाकाकूंची माफी मागायची आहे. तुम्हा सगळ्यांसमोर.

मी नितीन. दोन हजार एकमध्ये पुण्याहून अमेरिकेत, एडिसनला आलो, तो थेट काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये राहायला. काका इथल्या कॉलेजात प्राचीन चिनी तत्त्वज्ञान शिकवायचे. आणि पक्के नास्तिक! "अरे, दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये एकाने विचारलं होतं, माणसाचं भूत होतं म्हणता, मग त्याच्या अंगावरच्या कपड्यांचंही होतं का?" एवढं सांगून स्वतःच हसत सुटायचे. मी त्यांचा चेलाच झालो.

म्हणून परवा, काकूंनी काकांच्या दहाव्याला गुरुजी बोलावलेत हे कळलं, तेव्हा मी काकूंना न विचारता गुरुजींना फोन करून सगळं कॅन्सल केलं. काकांचा मान राखला, असं वाटलं मला. काकू नुसत्या किचनमध्ये निघून गेल्या.

मान कसला राखला, मंडळी? मी विसरलो होतो. दरवर्षी स्वतःच्या आईच्या श्राद्धाला हेच काका घरामागच्या लाकडी डेकवर पान ठेवायचे. कावळा काही यायचा नाही, खार येऊन भात खाऊन जायची. एकदा मी चिडवलं, "काका, आता कुठे गेले तुमचे चिनी?" तेव्हा मात्र काका हसले नाहीत. म्हणाले, "त्यांच्यातल्याच एकाचं म्हणणं आहे हे. पाऊस काही पूजेने पडत नाही. गेलेलं माणूस जेवायला येत नाही. तरी विधी करावेत. मागे राहिलेल्याला आपली माया कुठेतरी ठेवावी लागते रे."

आणि काकूंची माया ठेवायची तीच जागा मी काढून घेतली. काकांच्या नावाने!

काकू, मी चुकलो. फार चुकलो. आज सकाळी गुरुजींना पुन्हा फोन केलाय, शनिवारी येताहेत. तुम्हाला चालणार असेल तर पिंड मी ठेवीन.

मंडळी, आता दोन मिनिटं उभे राहू या. आत्म्याला शांती वगैरे मी म्हणणार नाही, काकांना ते चाललं नसतं. ही दोन मिनिटं काकूंसाठी.

काका, तुम्ही कुठेच नाही आहात, मला माहीत आहे. तरी नमस्कार करतो.