कच्चा आवाज

(जुन्या, रिकाम्या स्विमिंग पूलच्या तळाशी म्युझिक व्हिडिओचं शूटिंग चालू आहे. अकरावा टेक नुकताच फसला आहे. कॅमेरावाले लेन्स बदलत आहेत. पायऱ्यांवर तिघं बसली आहेत : पॉप गाणारी गायिका, तिच्यासोबत रॅप करणारा ठोक्या आणि गायिकेची थोरली बहीण.)

गायिका : ओठ माझे बरोबर हलतायत. गाणंच चुकतंय.

ठोक्या : गाणं कसं चुकेल, बाई? स्पीकरवर लागतंय ते रेकॉर्ड झालेलं आहे. अकरा वेळा सारखंच लागलं. अकरा वेळा वेगळं तूच केलंस.

गायिका : अरे, मी "दार उघडंच आहे" म्हणते, श्वास घेते, मग "वाट बघत नाही" म्हणते. स्पीकरवरची बया श्वासच घेत नाही. एका दमात जाते. मी तोंड उघडेपर्यंत ती पुढच्या खोलीत पोचलेली असते.

ठोक्या : ती कोण? तूच ना ती?

गायिका : तेच तर कळत नाहीये.

ताई : चिमे, पाणी पी. सकाळपासून उन्हात उभी आहेस.

गायिका : पाणी नको. ताई, तू ऐकलंस ना? तो आवाज माझा आहे?

ताई : आपल्या दोघींचा आवाज लहानपणापासून सारखा आहे. फोनवर आईसुद्धा फसते.

गायिका : सारखा आहे का, असं नाही विचारलं मी. माझा आहे का, ते सांग.

ठोक्या : एक मिनिट, एक मिनिट. ताई गातात?

गायिका : माझ्या प्रत्येक गाण्याचा कच्चा आवाज ताईचा असतो. चाल हातात आली की ती घरी बसून फोनवर साधंसं गाऊन ठेवते. ते ऐकून मी पाठ करते, मग स्टुडिओत जाऊन खरं गाते. माझं झालं की तिचा आवाज पुसून टाकतात.

ठोक्या : म्हणजे मला सगळ्यात आधी जी फाइल आली, जिच्यावर मी माझा रॅप लिहिला...

गायिका : ती ताईची.

ठोक्या : मेलो.

गायिका : काय केलंस?

ठोक्या : रागावू नको. नंतर तुझी दुसरी फाइल आली ना, तिच्यावर माझा रॅप बसेचना. मी त्या पहिल्या आवाजाला उत्तर दिलंय. तो जिथे सोडतो तिथे मी उचलतो. म्हणून मिक्सिंगवाल्या दादांना म्हटलं, पहिलीच ठेवा, तिचा पहिला टेक जास्त भारी आहे.

गायिका : आणि त्यांनी ठेवली?

ठोक्या : त्यांना वाटलं, मी तुला विचारून सांगतोय.

गायिका : आणि तुला काय वाटलं?

ठोक्या : मला वाटलं, तू दोनदा गायलीस आणि दुसऱ्यांदा वाट लावलीस. सॉरी.

गायिका : पण शेवटची फाइल मी ऐकली होती! मीच "चालेल" म्हटलं!

ताई : तुला ताप होता तेव्हा. गाडीत अर्धवट ऐकलंस आणि म्हणालीस, "बरी गायलेय की मी."

गायिका : तू माझ्या शेजारी बसली होतीस.

ताई : होते.

गायिका : तुला कळलं होतं?

ताई : आधी वाटलं, भास होतोय. मग वाटलं, तू मुद्दाम ठेवलंस. मग वाटलं, मुद्दाम ठेवलं असतंस तर मला सांगितलं असतंस. एवढं वाटून होईपर्यंत घर आलं. मग विचारायचं राहूनच गेलं.

गायिका : ताई, चार दिवसांपूर्वी टीझर आलाय. वीस सेकंदांचा. लोक त्या एका ओळीवर लट्टू झालेत. "काय जखम आहे आवाजात!" मलाही वाटलं, स्टुडिओवाले आवाज कसा सजवून देतात बघ. मी सगळ्यांना थँक यू म्हणत सुटलेय. मुलाखतीत तर सांगून बसले की ती ओळ गाताना एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता.

ठोक्या : कोण गं?

गायिका : तू गप बस. ताई, तुझ्या डोळ्यांसमोर कोण होतं?

ताई : बाळ. नुकतं झोपलं होतं. मोठ्याने गायले असते तर उठलं असतं. श्वासाचा आवाजसुद्धा नको, म्हणून एका दमात उरकलं.

ठोक्या : म्हणजे ती जखम वगैरे...

ताई : दात येत होते त्याला.

गायिका : हसू नकोस, ठोक्या.

ठोक्या : हसत नाहीये. व्हिडिओ नंतर येईल, पण गाणं आज संध्याकाळी सहाला बाहेर पडतंय. फाइल बदलायची तर चारच्या आत सांगायला हवं. काय करायचं?

ताई : त्यात काय? तिचा आवाज लावा.

ठोक्या : मग माझा रॅप अधांतरी लटकतो, ताई. आणि टीझरमध्ये ऐकलेली ओळ गाण्यात नाही म्हटल्यावर लोक सोलून काढतील.

ताई : मग राहू दे आहे तसं. आईला ओळखू येत नाही, तिथे लोकांचं काय?

गायिका : मला ओळखू येतं ना. ठेवायचा असेल तर तुझं नाव टाकायचं.

ताई : नाव नको.

गायिका : का?

ताई : नाव आलं की लोक गायला बोलावतील.

ठोक्या : मग चांगलंच आहे की!

ताई : तुला माहीत नाही रे. सात वर्षांपूर्वी भरल्या हॉलमध्ये माझा आवाज बसला. दुसऱ्याच कडव्याला. उरलेलं गाणं लोकांनी म्हटलं, मला मदत म्हणून. ती मदत अजून ऐकू येते मला.

गायिका : तर मग तुझा आवाज काढून टाकायला सांगते. नावाशिवाय मी ठेवणार नाही.

ताई : धमकी देतेस?

गायिका : नाही गं. मलाच सुचत नाहीये. ठेवला तर माझं गाणं तुझं होतं. काढला तर सात वर्षांनी तुझी एक ओळ बाहेर गेली होती, ती मीच पुसली असं होतं.

ताई : चिडली आहेस?

गायिका : हो. तुझ्यावर, ह्याच्यावर. तू माझ्यापेक्षा चांगली गातेस, त्याच्यावर तर फारच. आणि हे सगळ्यांना ओरडून सांगावंसंही वाटतंय. एकाच वेळी एवढं सगळं कसं वाटू शकतं माणसाला?

ताई : नावं किती असतील?

ठोक्या : तीन होतील.

ताई : माझं शेवटी. बारीक अक्षरात.

गायिका : शेवटी चालेल. अक्षर तिघांचं सारखं.

ताई : बरं.

ठोक्या : बरं म्हणजे हो?

ताई : बरं म्हणजे बरं. दादांना फोन लाव आधी, माझं मन फिरायच्या आत.

ठोक्या : लावतो. पण ते बघा, लेन्स लागली, हात करतायत. ताईंनाच उभं करू का कॅमेऱ्यापुढे?

ताई : वेडा आहेस का? ह्या साडीत?

गायिका : ताई, तू कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहा. मी तुझ्याकडे बघून म्हणते. तू जाशील तशी मी तुझ्या मागोमाग.

ताई : नुसते ओठ हलवायचे ना?

गायिका : हो.

ताई : आणि चुकून आवाज निघाला तर?

गायिका : निघू दे. इथे आवाज कुणी रेकॉर्ड करत नाहीये.